भूपाळीच्या आधी

आमच्या वाईच्या घरात गजराचं घड्याळ होतं, पण ते आजोबांच्या फडताळात बंद असायचं. कोणाला पहाटेच्या एस.टी.नं पुण्याला जायचं असलं तरच त्याला किल्ली मिळायची. एरवी घर उठवायचं काम आजोबांचं. पाच वाजून गेले की ओसरीवर त्यांचं खाकरणं ऐकू यायचं, मग पितळी तांब्या खाली ठेवल्याचा आवाज, आणि मग गणपतीची भूपाळी सुरू. गणपतीनंतर राम, रामानंतर कृष्ण, मग पंढरीचा विठोबा आणि शेवटी नद्यांची भूपाळी. हा क्रम कधी चुकला नाही. नद्यांची नावं ओळीनं येऊ लागली की समजायचं, आता पांघरूण ओढलं जाणार! कृष्णेचं नाव आलं की आजोबा हात जोडायचे. ती आमच्या परसामागेच वाहत होती ना.

आजोबांचा आवाज गोड नव्हता, खणखणीत होता. तो ढोल्या गणपतीच्या घाटापर्यंत जातो असं आजी म्हणायची, आणि ही काही स्तुती नव्हती. पण त्या आवाजात सुराची जाण होती. भूपाळ्यांच्या चाली बहुतेक भूप रागाच्या सुरांतल्या, म नाही आणि नी नाही, पाचच सूर. गंमत अशी की शास्त्राप्रमाणे भूप हा राग संध्याकाळनंतरचा. सकाळी त्याच पाच सुरांचा देशकार गातात, त्यात धैवताला मान, भुपात गंधाराला. हे मला पुष्कळ उशिरा, शाळेतल्या संगीताच्या बाईंनी समजावून सांगितलं. आजोबांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी त्या चाली त्यांच्या आईकडून उचललेल्या, रामदासांच्या भूपाळ्याही तशाच तोंडपाठ.

त्यांची सगळ्यात आवडती भूपाळी म्हणजे श्रीकृष्णाला उठवणारी, होनाजी बाळाची. ती कुणा संतानं केली असणार अशी त्यांची पक्की समजूत होती. पुढे व्ही. शांतारामांचा 'अमर भूपाळी' (१९५१) वाईला तंबूतल्या टॉकीजमध्ये आला तेव्हा आजोबा मुद्दाम बघायला गेले आणि गप्प होऊन परत आले. पेशवाईच्या अखेरच्या काळातला हा होनाजी जातीनं गवळी, फडासाठी लावण्या रचणारा शाहीर! ज्या तोंडानं लावणी त्याच तोंडानं भूपाळी, हे पचायला त्यांना दोन दिवस लागले म्हणे. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती पुन्हा म्हटली. आजीनं विचारलं, तर म्हणाले, "देव उठतोय ना? मग झालं." मी तेव्हा पाळण्यात होते, हे सगळं ऐकीव. पण पुढे रेडिओवर पंडितराव नगरकर आणि लताबाईंच्या आवाजातली, वसंत देसाईंच्या चालीतली ती भूपाळी लागली की आजोबा मान डोलावायचे आणि वर म्हणायचे, "छान आहे. पण इतक्या सावकाश उठवलं तर शाळा बुडेल."

आता मूळ मुद्द्याकडे येते.

भूपाळी कोणाला उठवते ते कधी नीट पाहिलंय का? गणपती, राम, बाळकृष्ण, विठोबा. आई उठवते ती मुलाला. गाई सोडायच्या आहेत, सवंगडी वाट बघताहेत, दूधलोणी काढून ठेवलंय, ऊठ राजा. आमच्या घरातही तेच. दादा आणि दोघे चुलतभाऊ माजघरात ओळीनं निजलेले असायचे आणि भूपाळी त्यांच्यासाठी असायची. आम्ही मुली तिच्या आधीच उठलेल्या असायचो. आम्हाला उठवायला गाणं नव्हतं. आई खांद्याला हात लावायची, "ऊठ गं, बंब पेटवायचाय" एवढंच. शेणसडा, तुळशीपुढची रांगोळी, बंबात ढलप्या घालणं, विहिरीच्या रहाटावर आईला हात देणं. आजोबांची भूपाळी सुरू व्हायची तेव्हा माझी अर्धी कामं झालेली असत. तक्रार म्हणून नाही सांगत, तेव्हाची रीत होती ती. पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कारण त्या वेळी घरात आणखी एक आवाज असायचा आणि तो फक्त आम्हा बायकांना ठाऊक होता. आत्याचा.

आत्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन कोकणात, घाटाखाली गेली आणि एकोणिसाव्या वर्षी माहेरी परत आली ती कायमची. दिवसभर तिचा आवाज ऐकू यायचा नाही. कोणी काही विचारलं तर उत्तर, तेही दोन शब्दांत. पण पहाटे साडेतीन-चारला स्वयंपाकघरामागच्या पडवीत जातं सुरू झालं की आत्या वेगळीच. दोन शेर ज्वारी असायची रोजची. डाव्या हातानं वैरण घालायची, उजवा हात खुंट्यावर. खुंटा एका लयीत फिरायला लागला की जात्याच्या घरघरीतूनच ओवी वर यायची. सुरुवात हळू, म्हणजे कोणी जागं होऊ नये अशी. मी तिच्या समोर बसून खुंट्याला हात लावायचे. लहान हाताचा उपयोग काय होणार? पण ती नको म्हणायची नाही.

शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवताना मी ज्ञानेश्वरांची ओवी शिकवली, साडेतीन चरण, यमक कुठे ते फळ्यावर लिहून दाखवलं. जात्यावरची ओवी त्या मापात बसतेच असं नाही. ती हाताच्या फेऱ्यावर बसते. फेरा लांबला तर शब्द लांबतो, मध्ये 'गं' आणि 'बाई' घालून जागा भरते. पहिली देवाला, दुसरी आईबापाला अशी मोजदाद करत चालते, आणि देवाचं देऊन झालं की मग बाई स्वतःचं बोलते. आत्याच्या ओव्यांत भाऊ असायचा, म्हणजे आमचे वडील. भाचे असायचे नावानिशी. आणि मी असायचे. माझं पाळण्यातलं नाव, जे घरात कोणी घेत नसे, ते ती ओवीत घ्यायची. भाची मोठी होईल, घाटाखाली देऊ नका, असं काहीसं. गाण्यात आपलं नाव ऐकणं ही काय चीज असते हे ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल.

आणि त्या ओव्यांत एक बाळ असायचं.

ते कोण, हे पहिल्यांदा मला कळलं नाही. मला वाटायचं बाळकृष्णच असेल. पण त्याला दात यायच्या आधी घाटाखालच्या मातीत ठेवला, असं काहीतरी त्यात यायचं, आणि ती ओवी आली की जातं जरा जड फिरायचं. मी आठनऊ वर्षांची असेन. एकदा आईला विचारलं तर आईनं माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, "जा, फुलं आण." बस्स. आमच्या घरात त्या बाळाचा उच्चार कधीच झाला नाही. आत्याला मूल झालं होतं, ही बातमी मला जात्यानं दिली.

हे थांबलं कसं, तेही सांगते. कोणी थांबवलं नाही. १९६० च्या आसपास वडिलांनी दळण गिरणीत द्यायला सुरुवात केली. आत्याचे हात दुखायचे, वयही झालं होतं, त्यांनी ते तिच्यावरच्या मायेनंच केलं. सगळे खूश होते, आत्यासुद्धा. दादा सायकलवर डबा घेऊन जायचा आणि गरम पीठ घेऊन यायचा. जातं राहिलं ते मेतकुटापुरतं, भाजणीपुरतं. पुढच्या वर्षी घरात रेडिओ आला, पोस्टात लायसन काढून. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालेलं होतंच. तो सेट तापायला वेळ घ्यायचा, मग आकाशवाणीची ती सुरुवातीची धून (ती वॉल्टर काउफमन नावाच्या, युरोपातून आलेल्या ज्यू संगीतकारानं केली, हे आता सगळ्यांना माहीत झालंय), मग भक्तिगीतं. आजोबांनी मात्र शेवटपर्यंत आपली भूपाळी सोडली नाही. रेडिओ चालू असला तरी ते त्याच्यावरून म्हणायचे.

आत्या गायची बंद झाली. मी एकदा तिला म्हटलं, "आत्या, म्हण ना ती ओवी, नुसतीच." ती म्हणाली, "नुसतीच कशी म्हणायची गं? हातात काही नको का?" मोकळा वेळ काढून गात बसणं तिला शक्यच नव्हतं. गाणं कामाच्या आडून यायचं, ते काम गेलं. १९७४ साली ती गेली तेव्हा मी नोकरीत नवीन होते, साताऱ्याहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढे लग्न, मुलं, शाळा. आमच्याकडे सकाळ व्हायची ती कुकरच्या शिट्टीनं. यजमानांनी एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या सुप्रभातम्‌ची कॅसेट आणली होती. तिथेही पहिल्याच श्लोकात विश्वामित्र रामाला उठवतात, तो श्लोक थेट वाल्मीकींच्या बालकांडातला. पुन्हा मुलगाच! मी हे बोलून दाखवलं तर आमची लेक म्हणाली, "आई, मला झोपू देतायत ना, मग चांगलंच आहे की."

निवृत्तीनंतर मी ओव्या वाचायचं मनावर घेतलं. साने गुरुजींचं 'स्त्री जीवन' पूर्वीच वाचलेलं होतं, सरोजिनी बाबरांची पुस्तकंही. मग नातवानं मला 'पारी'चं संकेतस्थळ उघडून दिलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी गावोगाव फिरून बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या तिथे २०१७ पासून येऊ लागल्या, आवाजासकट. मुळशी-मावळातल्या बायका जात्यावर बसून गाताहेत. मी दुपारच्या दुपार ऐकत बसले. आत्याची ओवी काही सापडली नाही, ती सापडायची नव्हतीच. पण भाऊ, भाचे, सासर, माहेर आणि कितीतरी बाळं, तीच सगळी माणसं तिथे भेटली. आवाज वेगळा, बोली वेगळी, पण घरघर तीच.

हे सगळं आज लिहायचं कारण आमचा दादा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो घराण्याच्या कुलवृत्तांताच्या मागे आहे. ऐंशी वर्षांचा झाला, तरी नाशिकपासून बेळगावापर्यंत फोन करून जन्मतारखा गोळा करतो. गेल्या महिन्यात त्यानं आमच्या शाखेची पानं मला तपासायला पाठवली. आत्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'अपत्य नाही.'

मी फोन केला. म्हटलं, "दादा, आत्याला मुलगा झाला होता. तान्हा असतानाच गेला."

"कोणी सांगितलं तुला?"

"आत्यानंच. ओवीत."

"आत्या गायची?" तो खरोखर चकित झाला होता. त्याच घरात वाढला, पण साडेचारला तो झोपेत असायचा. त्याला आठवते ती आजोबांची भूपाळी, शब्दन्‌शब्द. जातं आठवत नाही. मग इंजिनियर जागा झाला. नाव काय, साल कोणतं, काही कागद आहे का? माझ्याकडे नाव नाही. साल अंदाजानं सांगता येईल. कागद कुठून आणू? मी म्हटलं, "ओवी आहे की." तो म्हणाला, "अगं, गाण्यात बायका काहीही म्हणतात." मला राग आला आणि मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन. "ती ओवी म्हणून दाखव बघू." माझा आवाज आता फाटलाय, पण जेवढी आठवते तेवढी म्हटली, दीड ओळ. नंतर तो बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, "माझं नाव होतं का गं कुठल्या ओवीत?"

"होतं ना. माझ्यापेक्षा जास्त वेळा."

परवा सुधारलेलं पान आलं. आत्याच्या नावापुढे आता 'एक पुत्र, अल्पायुषी' असं आहे आणि कंसात प्रश्नचिन्ह. दादा म्हणतो, ते छपाईपर्यंत राहू दे. दिवाळीनंतर मजकूर छापखान्यात जायचा आहे. तेव्हा घाटाखालच्या आत्याच्या सासरच्या मंडळींपैकी, किंवा आमच्या चुलत-आते नात्यांतल्या कोणी जुन्या बाईकडून काही ऐकलेलं कोणाला आठवत असेल, तर दादाला किंवा मला जरूर कळवा. बाळाचं नाव मिळालं तर फारच बरं होईल.