एका अक्षराची दुरुस्ती

आम्हां कारकुनांचा आणि अंगठ्याचा ऋणानुबंध जुना आहे. अर्जाच्या तळाशी शाईचा निळा डाग उमटला, की त्याच्या शेजारी 'डाव्या हाताचा अंगठा' असे लिहून मोकळे व्हावयाचे. वर काय लिहिले आहे हे अंगठ्याच्या धन्यास ठाऊक आहे की नाही, हे विचारणारा रकाना कोणत्याच अर्जात नसतो. जयपूरला बदली झाल्यावर मी वसाहतीतल्या रात्रीच्या साक्षरता-वर्गावर शिकवावयास जाऊ लागलो, ते काही या पापाचे क्षालन म्हणून नव्हे; संध्याकाळ खावयास उठे, एवढेच. (२०२२ च्या नव्या योजनेत सरकारने 'प्रौढ शिक्षण' हा शब्द टाकून 'सर्वांसाठी शिक्षण' हा स्वीकारला. शब्द बदलण्यात आमचा हात कोण धरील?)

वर्गात बहुतेक बायकाच. पहिल्या दिवशी नावे विचारली, तर कोणी 'मुन्नाची आई', कोणी 'मिस्त्रीची घरवाली'. मला हसू आले. पुढे वाचनात आले, की १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना अशीच उत्तरे मिळाली होती. 'अमक्याची पत्नी' ही नोंद चालणार नाही, असे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरविले, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. त्यांत राजस्थानातल्याही होत्या. निरक्षरांसाठी चिन्हांची सोय आपण त्याच निवडणुकीत केली, ती योग्यच. परंतु यादीत आपले नाव धड आहे की नाही, हे चिन्ह सांगत नाही.

तुलसीदेवींचे वय पन्नाशीच्या पुढचे. चार घरची धुणीभांडी उरकून त्या वर्गाला येत. पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांनी आपले मतदार-ओळखपत्र माझ्यापुढे ठेवले. "मास्टरजी, येथे 'हुलसी' लिहिले आहे." त्या नावावर त्यांनी तीनदा मत दिले होते.

"मत तर पडते ना?" मी म्हणालो.

"पडते. हुलसीचे पडते."

दुरुस्तीसाठी ८ क्रमांकाचा नमुना लागतो. कचेरीतल्या सराईतपणाने मी तो दहा मिनिटांत भरला आणि सहीची जागा दाखविली. बाईंनी बोट मात्र पहिल्या ओळीवर ठेवले आणि वाचावयास सुरुवात केली. एकेक अक्षर. मी दोनदा घड्याळाकडे पाहिले. बोट थांबले. हाताच्या सवयीने मी 'तुळसी' लिहून बसलो होतो!

"हे अक्षर आपण शिकविले नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्या नावात हे नाही."

आमच्या मराठीत 'ळ' असतो, आमच्या अंगणातल्या वृंदावनात तुळसच असते, वगैरे मी सांगू लागलो. त्यांनी ते आदराने ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "दुसरा कागद द्या. मीच लिहिते."

त्याला तीन संध्याकाळी लागल्या आणि दोन कागद वाया गेले.

त्याच आठवड्यात कचेरीत एक म्हातारा शाईने माखलेला अंगठा पुढे करून उभा राहिला. मी त्याला थांबविले आणि अर्ज पहिल्यापासून वाचून दाखवू लागलो. दुसऱ्या परिच्छेदाला त्याने मान हलविली. असे आपण म्हटलेच नव्हते, म्हणाला. मागे रांगेत कुरकुर सुरू झाली होती.