कुंभारवेशीचा उन्हाळा

शनिवारवाड्याच्या उत्तरेकडून मुठेच्या दिशेने निघाले, की शिवाजी पुलाच्या अलीकडेच रस्त्याच्या कडेला मातीचा रंग दिसू लागतो. तांबडे माठ, काळे डेरे, पोटात माणूस मावेल असे रांजण, त्यांच्या सावलीत मांडलेली लहान बोळकी. हीच पुण्याची कुंभारवेस. कसबा ही या शहराची सर्वांत जुनी पेठ. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, त्याच्या कितीतरी आधी या गावाला कोट होता आणि कोटाला वेशी होत्या. कोट गेला, वेस गेली, तिचे नाव मात्र कुंभारांनी टिकवून धरले.

या बाजाराचे पंचांग निराळे आहे. संक्रांतीला सुगडे, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या आणि बोळकी. पण ज्याला खरा हंगाम म्हणावा तो फाल्गुन सरता सरता सुरू होतो आणि मृगाच्या पहिल्या सरीला संपतो. होळीची राख निवते न निवते तोच माठांच्या उतरंडी रस्त्यावर येतात. अक्षय्य तृतीयेच्या करा-केळीसाठी गिऱ्हाईक येते, पेठांतले दुकानदार पाणपोईसाठी रांजण नेतात, आणि घराघरांतून गेल्या वर्षीचा माठ कुंडी होऊन गच्चीवर जातो.

जुना माठ निवृत्त का करावा लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माठाच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेर येते, वाफ होऊन उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी असे उडाले, की सुमारे ५८० ग्रॅम पाणी एका अंशाने निवते. पुण्याच्या कोरड्या चैत्रात हा व्यवहार झकास चालतो. मुंबईच्या दमट हवेत वाफच धरत नाही, म्हणून तोच माठ तिथे आळशी ठरतो. वर्षभरात पाण्यातले क्षार छिद्रांत साचतात, भिंत मुकी होते आणि माठ पाणी साठवण्यापुरता उरतो. बाहेरून चकचकीत रोगण दिलेला माठ तर पहिल्या दिवसापासूनच मुका! दिवाणखान्यात तो शोभतो, एवढेच.

ही छिद्रे आपोआप पडत नाहीत. गाळलेल्या मातीत कुंभार राख आणि लीद मिसळतो. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी पोकळी राहते. मिश्रण थोडे चुकले, तर माठ गळतो किंवा पाणी गारच होत नाही. चाकावर आकार घेतलेला माठ अर्धवट सुकला, की आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्याने ठोकून त्याचे पोट फुगवतात. चाकावरचे काम पाहायला गर्दी जमते. खरे कसब मात्र या ठोकण्यात आहे, आणि तिथे कोणी थांबत नाही. भट्टीत मोकळी हवा खेळली तर माती तांबडी होते, धूर कोंडला तर काळी. काळा माठ अधिक गार, अशी एक समजूत बाजारात आहे. तिच्यात तथ्य असेल तर ते मातीच्या मिश्रणाचे आणि भाजणीचे, रंगाचे नव्हे.

जैन वाचकाला हे सारे वाचताना काहीतरी ओळखीचे वाटेल. ‘उपासकदशांग’ सूत्रातल्या दहा श्रावकांपैकी एक, पोलासपूरचा सद्दालपुत्र, जातीने कुंभार. नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती. तो आजीवक मताचा, म्हणजे सर्व काही नियतीने घडते, पुरुषार्थाला स्थान नाही, असे मानणारा. उन्हात वाळत घातलेली भांडी पाहून भगवान महावीरांनी त्याला विचारले, की ही कशी तयार होतात? सद्दालपुत्राने कृती सांगितली: आधी माती, मग ती पाण्यात भिजवणे, मग तिच्यात राख आणि शेण मिसळणे, मग चाक. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या प्रसंगातली ही कृती कुंभारवेशीत आजही जवळपास तीच आहे. त्या चाकावरून उतरणाऱ्या भांड्यांच्या यादीत ‘करग’ असा शब्द येतो. अक्षय्य तृतीयेचा आपला ‘करा’ त्याच घराण्यातला. भगवंतांचा पुढचा प्रश्न असा, की हे प्रयत्नाने होते की प्रयत्नाविना? प्रयत्नाविना, असे सद्दालपुत्र म्हणाला. मग कोणी तुझी भांडी फोडली तर? तर मी त्याला शिक्षा करीन, असे तो बोलून गेला, आणि तिथेच त्याचा नियतिवाद भंगला.

ऋषभदेवांनी लोकांना जी शिल्पे शिकवली त्यांत पहिले कुंभाराचे, असे आवश्यक सूत्रावरचे परंपरागत वाङ्मय सांगते. त्याच ऋषभदेवांचे पारणे श्रेयांसकुमाराने इक्षुरसाने करवले, तो दिवस अक्षय्य तृतीयेचा. एकशे आठ घड्यांची परंपरा तिथूनच आली. आज बहुतेक घरी ते घडे चांदीचे, बोटभर उंचीचे असतात.

एका चैत्रात, वद्य षष्ठीच्या सकाळी, रविवार पेठेतले एक भांड्यांचे व्यापारी सुनेला घेऊन कुंभारवेशीत आले. घरच्या मालकीणबाईंचे वर्षीतप पूर्ण होत होते. तेरा महिने एकाआड एक उपवास करणाऱ्या त्या बाईंनी एकच इच्छा सांगितली होती, की घडे मातीचे असावेत. शेठजी ज्यांच्याकडून दर वर्षी पाणपोईचे रांजण नेत, त्या वृद्ध कुंभारीण मावशींपुढे ते उभे राहिले.

“मावशी, लहान एकशे आठ घडे हवेत. अक्षय्य तृतीयेला.”

“दिवस किती राहिले, शेठ?”

“बारा.”

मावशींनी बोटांवर हिशेब केला. “होळीला सांगायचं होतं. लहान भांडं लवकर होतं असं वाटतं तुम्हाला. पण ते सावलीतच वाळावं लागतं. घाईनं उन्हात ठेवलं तर चिरतं. आणि भट्टी काय माझ्या दारात आहे?”

भट्टी खरोखरच दारात नव्हती. दाट वस्तीतल्या धुराच्या तक्रारींमुळे कसब्यातल्या अनेक कुंभार कुटुंबांनी आपल्या भट्ट्या मुंढव्याजवळ केशवनगरात हलवल्या. विक्री इथे आणि भाजणी तिथे, अशी त्यांची विभागणी झाली. मधल्या वाटेवर टेम्पोचे भाडे आणि फुटतूट दोन्ही वाढली. त्याआधी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या या वस्तीत पाणी शिरले होते. कच्च्या मडक्यांचे पुरात काय होते, हे सांगायला नको.

“पप्पाजी, पलीकडे साच्यातले तयार आहेत,” सून हळूच म्हणाली. “सगळे अगदी एकसारखे. आणि स्वस्तही.”

शेठजींनी पलीकडे जाऊन एक घडा उचलला आणि टिचकी मारली. आवाज वाईट नव्हता. साच्यातला माल कमअस्सल म्हणावा असाही नव्हता. स्वतःच्या दुकानात ते यंत्रावरची भांडी विकतात, आणि जवळच्याच तांबट आळीत हातोडीने मठारलेली घागर का महाग पडते, हे गिऱ्हाइकाला समजावता समजावता त्यांचे केस पांढरे झाले आहेत. स्टील आले तेव्हा आळीतले कितीतरी ठोके थांबले. त्यांच्या वडिलांनीही तेव्हा स्टीलच भरले होते. व्यापाऱ्याने भरू नये तर काय करावे? बुरूड आळीत आजही वाळवणाच्या दिवसांत सुपे आणि टोपल्या निघतात, पण प्लॅस्टिकची परात शेजारीच टांगलेली असते.

ते परत मावशींकडे आले. “भट्टीत फुटले तर नुकसान कोणाचं?”

“माझंच. आजवर कोणाचं होतं?”

हा प्रश्न त्यांनी इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता. रांजणाला टिचकी मारायची, बद्द वाजला तर बाजूला सारायचा, खणखणीत वाजेल त्याचे पैसे द्यायचे. बाजूला सारलेल्या रांजणाची माती, सरपण, टेम्पोचे भाडे आणि आठवडाभराची मेहनत कोणाच्या खात्यावर पडते, हा हिशेब त्यांच्या चोपडीत नव्हता. त्यांच्या धंद्यात वाटेत पोचा आलेला माल कारखान्याला परत जातो.

“घाला मग एकशे तीस,” ते म्हणाले. “सगळ्यांचे पैसे आत्ताच देतो. फुटतील ते माझे.”

सुनेने त्यांच्याकडे पाहिले. घासाघीस न करता व्यवहार करताना तिने त्यांना क्वचितच पाहिले असावे. मावशींनी पैसे मोजून घेतले, कनवटीला लावले आणि एवढेच म्हणाल्या, “साठ इथे करते. बाकीचे केशवनगरला जाऊबाई करतील. हात दोन असतील, घडे जुळे नसतील. चालेल?”

“चालेल.”

तृतीयेच्या आदल्या दुपारी टोपल्या आल्या. बुरूड आळीतल्याच होत्या, तळाला गवत घातलेल्या. मोजणी सुनेने केली. काही घड्यांची मान आखूड, काहींची जरा उंच. दोन्ही हात वेगवेगळे ओळखू येत होते. भट्टीत चौदा फुटले होते, म्हणजे एकशे सोळा उरले. आठ जास्तीचे. सासूबाईंनी एक घडा हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला, मग सगळे रात्रभर पाण्यात भिजत घालायला सांगितले. नाहीतर सकाळी रस मातीच पिऊन टाकेल, असे त्या म्हणाल्या.

दुकानाबाहेरच्या पाणपोईवर त्या दिवशी नवा रांजण बसला होता. त्याला ओले तांबडे फडके गुंडाळले होते आणि पहिले पाणी रिवाजाप्रमाणे ओतून दिले होते. संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी शेठजींनी पुढल्या वर्षाचे कॅलेंडर काढले, होळीची तारीख शोधली आणि तिच्यापुढे ‘कुंभारवेस’ एवढे लिहून ठेवले.