आडनावाचा रकाना

संस्थेच्या वसतिगृहात मी सहा वर्षे राहिले. तेथे हजेरी घेताना आमचे गुरुजी केवळ नावाने हाक मारीत. एकाच नावाच्या दोघी असल्या तर थोरली-धाकटी म्हणत; आडनाव कधी उच्चारीत नसत. असे का, हा प्रश्न त्या वयात पडला नाही. उत्तर मिळाले ते बँकॉकमध्ये, आणि तेही माझ्याच हातून चूक घडल्यावर.

गेली नऊ वर्षे मी तेथील एका आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवीत आहे. एकोणीस मुलांच्या वर्गात दहा-अकरा देशांची पारपत्रे असतात. जर्मन मुलगी साडेतीन हे ३,५ असे लिहिते. मी फळ्यावर १,००,००० असा स्वल्पविराम दिला की सारा वर्ग हसतो. भागाकार मांडण्याच्या तऱ्हा तर विचारूच नयेत. नावांचेही तसेच. थायलंडमध्ये आडनावे कायद्याने आली ती १९१३ साली. आजही तेथे माणसाला नावानेच संबोधतात आणि घरी-दारी टोपणनाव चालते.

एका ऑगस्टमध्ये ब्रह्मदेशातील एक मुलगा वर्गात आला. ब्रह्मी लोकांत आडनावाची प्रथाच नाही. बाप, आई आणि मुले यांच्या नावांत एकही अक्षर समान नसले तरी चालते. परंतु शाळेच्या संगणकाला आडनावाचा रकाना रिकामा चालत नव्हता. कार्यालयाने त्याच्या नावाचे शेवटचे अक्षर तोडून त्या रकान्यात बसविले, आणि मी यादीत पाहून त्याला त्या तुकड्याने हाक मारू लागले. तो उत्तर देईना. पहिल्या सत्राच्या प्रगतिपत्रकात मी लिहिले, ‘वर्गात लक्ष नसते.’

पुढे एकदा मी त्याला विचारले, “तुझे खरे आडनाव काय?”

“आम्हांला आडनाव नसते.”

“असे कसे? काहीतरी असेलच ना!”

हे शब्द तोंडून गेले आणि मी थबकले. वीस वर्षांपूर्वी पुण्यात खोली शोधीत असताना हेच शब्द मी ऐकले होते. एका बाईंनी खोली दाखविली, भाडे ठरले, चहाही झाला. मग आडनाव विचारले. मी सांगितले. “म्हणजे कोण?” मी गप्प राहिले. “काहीतरी असालच ना!” दुसऱ्या दिवशी खोली अगोदरच दिलेली निघाली. (लग्नानंतर माझे आडनाव बदलले; प्रश्न बदलला नाही. बँकॉकच्या पालकसभेतही एका भारतीय गृहस्थांनी तो मोठ्या सौजन्याने विचारला.) त्या बाईंचा हेतू आणि माझा हेतू एक नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळ समजावले. पण समोरच्या मुलाला हेतू दिसत नव्हता. त्याला प्रश्न तेवढा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याचे नाव संपूर्ण उच्चारू लागले. उच्चार त्यानेच तीनदा दुरुस्त केला. कार्यालयाशी दोन सत्रे पत्रव्यवहार केल्यावर त्या रकान्यात आडवी रेघ चालू लागली. प्रगतिपत्रकातील शेरा मात्र मागे घेता आला नाही. त्याच्या आईला मी पत्र लिहून चूक कबूल केली. तिचे दोन ओळींचे उत्तर आले, त्यात त्या शेऱ्याचा उल्लेख नव्हता.

जून महिन्यात तेथे ‘वाइ ख्रू’ हा शिक्षकवंदनेचा दिवस असतो. ‘ख्रू’ म्हणजे आपला ‘गुरू’च. मुले तबकात हरळी, वांग्याची फुले आणि लाह्या घेऊन येतात. हरळी झपाट्याने पसरते, तशी विद्या पसरावी. वांग्याचे फूल फळ धरताना खाली झुकते, तशी नम्रता असावी, असा संकेत आहे. त्या वर्षी माझ्यापुढे तबक घेऊन तो मुलगा आला. त्याने हळूच विचारले, “ख्रू, हे गवत तुमच्या गावी आहे का?”

“आहे. आमच्या बांधावर. माझी आई ते खुरपून खुरपून दमते.”

तो प्रथमच मोठ्याने हसला.