सीहोरच्या पंडिताचं नाटक

धर्माच्या समजुतीला आव्हान देणाऱ्या शास्त्रज्ञावर नाटक लिहायचं म्हटलं की डोळ्यांपुढे पहिला गॅलिलिओ येतो. 1633 सालचा रोममधला खटला, धर्मपीठापुढे गुडघे टेकलेला म्हातारा, मरेपर्यंतची नजरकैद. संघर्ष अगदी तयार आहे, फक्त संवाद घालायचे. पण बऱ्हाणपूरशेजारच्या बहादरपुरात बसून मी रोम कशाला उभं करू? आपल्याच मध्य प्रदेशात, भोपाळजवळच्या सीहोरला, एका मराठी पंडितानं हा झगडा मांडला होता आणि तो मराठीत पुस्तक लिहून मांडला होता. त्यांचं नाव सुबाजी बापू. त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ 1836 साली छापला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, 1835 च्या आवृत्तीत, रोमच्या चर्चनं निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून कोपर्निकस आणि गॅलिलिओचे ग्रंथ वगळले होते. म्हणजे रोममध्ये हा वाद कागदोपत्री मिटत होता, तेव्हा सीहोरमध्ये तो पेटत होता.

वाद काय होता ते थोडक्यात सांगतो. पुराणांची पृथ्वी सपाट. मधोमध मेरू पर्वत, भोवती सात द्वीपं आणि सात समुद्र. सूर्य मेरूआड गेला की रात्र, राहूनं गिळलं की ग्रहण. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त याला सरळ छेद दिला होता. पृथ्वी गोल आहे, आधाराशिवाय अवकाशात आहे. तिला शेषाचा आधार मानला तर त्या शेषाला कोणाचा, असा त्यांचा रोकडा प्रश्न. मात्र त्यांचीही पृथ्वी स्थिर होती. सीहोरला असलेले इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांनी हे हेरलं. लोकांना एकदम कोपर्निकसची सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी पचणार नाही. आधी त्यांच्याच भास्कराचार्यांच्या हातून पृथ्वी गोल करून घ्यावी, मग ती फिरवावी. सीहोरच्या पाठशाळेत या रीतीनं शिकवणं सुरू झालं आणि सुबाजी बापूंनी तिन्ही मतं मराठीत शेजारी शेजारी ठेवून तोलली. त्याच पाठशाळेत शिकलेले बापूदेव शास्त्री पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत नावाजले. भास्कराचार्य तर आम्हा तापीकाठच्या लोकांना घरचे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आहे. भुसावळला गाडी बदलली की दिवसाउजेडी पाहून परत येता येतं.

नाटककार म्हणून माझी पहिली अडचण ही, की सीहोरमध्ये खटला नाही, तुरुंग नाही, पश्चात्तापाचा कागद नाही. विरोधक आहे, पण तोही विद्वान. यज्ञेश्वर शास्त्रींनी 1837 मध्ये ‘अविरोधप्रकाश’ लिहून सांगितलं, की पुराणं आणि सिद्धान्त, म्हणजे ज्योतिषगणिताचे ग्रंथ, यांत मुळात विरोधच नाही. सुबाजींनी त्याला पुस्तकानंच उत्तर दिलं. दोन माणसं छापखान्यातून भांडतात, हे रंगमंचावर कसं आणायचं? मी सीहोरच्या गल्लीतला एक म्हातारा जोशी कल्पिला आणि विरोधाची सगळी बाजू त्याच्या तोंडी दिली. तो सुबाजींना ‘बापू’ म्हणतो, कारण त्यानं त्यांना लहानपणापासून पाहिलंय. त्याला मूर्ख किंवा लबाड करायचं नाही, हे मी लिहायला बसण्याआधीच ठरवलं होतं. अशा नाटकात विरोधकाला हास्यास्पद केलं, की शास्त्रज्ञाची किंमत त्याच क्षणी उतरते.

आणि जोशीबुवांचा प्रश्न खरोखर भारी आहे. ‘पृथ्वी फिरते म्हणतोस, बापू, तर मला ती फिरताना दाखव.’ 1836 साली अंगणात उभं राहून डोळ्यांना दाखवावा असा पुरावा सुबाजींजवळ नव्हता. एखाद्या ताऱ्याचं लंबन, म्हणजे पृथ्वी फिरल्यामुळे दिसणारं त्याचं किंचित सरकणं, बेसेलनं पहिल्यांदा मोजून जाहीर केलं ते 1838 मध्ये. फुकोनं पॅरिसमध्ये लंबक टांगून पृथ्वीचं फिरणं लोकांना दाखवलं ते 1851 मध्ये. सुबाजी गणितावर आणि तर्कावर उभे होते. त्यांनी काहीतरी चमत्कारिक यंत्र काढून जोशीबुवांना गप्प करावं, असा प्रवेश लिहिणं सोपं होतं, टाळ्याही पडल्या असत्या. मी तो लिहिला नाही. सुबाजी त्या प्रश्नावर थांबतात आणि म्हणतात, ‘दाखवता येत नाही. मांडून सांगता येतं.’

दाखवता येण्याजोगं होतं ते पृथ्वीचं गोलपण, आणि त्यासाठी ग्रहण होतं. तालमीत आम्ही भिंतीवर पांढरं धोतर ताणलं, समोर एकच दिवा ठेवला. सुबाजींचं काम करणारा मुलगा केळीच्या बागेतून थेट तालमीला येतो, नखांत चिकाचे काळे डाग तसेच असतात. त्यानं आधी जेवणाचं ताट धरलं. समोरून सावली गोल पडली. ताट हळूहळू वळवलं तशी ती लांबट झाली, आणि ताट आडवं झाल्यावर धोतरावर नुसती एक काळी रेघ उरली. मग त्यानं चेंडू धरला आणि कसाही फिरवला, सावली गोलच. चंद्रावर पडणारी सावली दर ग्रहणात गोल दिसते, तेव्हा पृथ्वी ताट असू शकत नाही. पॉवरलूमवर पाळी करून आलेला आमचा जोशीबुवा हे पाहून आपलं पुढचं वाक्य विसरला. मी ती शांतता तशीच नाटकात ठेवली. एवढं बोलकं वाक्य मला लिहून सुचलं नसतं.

आमचा प्रेक्षक कोण, हेही विसरून चालत नाही. ग्रहण सुटल्यावर इथं आजही लोक तापीवर आंघोळीला जातात, गरोदर सुनेला घराबाहेर पडू देत नाहीत. माझ्या घरात हे पाळलं गेलंय. त्या माणसांना खुर्चीत बसवून त्यांची टर उडवणारं नाटक मला करायचं नाही. शिवाय नाट्य इथंच आहे. पंचांगातलं ग्रहण सिद्धान्ताच्या गणितानं, म्हणजे सावलीच्या हिशेबानं काढलं जायचं. यजमानाला मात्र राहू सांगितला जायचा. सांगणारा आणि काढणारा माणूस एकच. जोशीबुवांना सावली ठाऊक आहे. त्यांची भीती वेगळी आहे: राहू गेला तर दान जाईल, दान गेलं तर पोथी जाईल, पोथी गेली तर आपण कोण? हे कळल्यावर मला तो प्रवेश एका बैठकीत लिहिता आला.

साहेबाचं काय करायचं, यावर आमच्या मंडळींत बराच खल झाला. विल्किन्सन 1841 मध्ये वारले, पण ज्या काळावर नाटक आहे त्या काळात त्यांचा आधार मोठा होता, तो नाकारणं खोटेपणा ठरेल. मी त्यांना दोनच प्रवेश दिलेत. त्यांना मध्ये उभं केलं तर सुबाजी पढवलेले पोपट वाटतात आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे. भाषेचा प्रश्न मात्र आपोआप सुटला. घरात मराठी आणि बाजारात हिंदी, हे सीहोरच्या पंडिताचं जगणं बहादरपुरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

खरं अवघड आहे ते शेवटच्या अंकात. 1839 साली विल्किन्सननी ‘वज्रसूची’ छापली. अश्वघोषाच्या नावावर असलेला हा ग्रंथ जन्मावरून ब्राह्मणपण ठरवण्याला आव्हान देतो. त्याच पुस्तकात तिचं खंडन जोडलेलं आहे, आणि ते सुबाजी बापूंनी लिहिलेलं आहे. पृथ्वीला जागेवरून हलवणारा माणूस जातीला हलवायला तयार झाला नाही. मेरू सोडला, सात समुद्र सोडले, पण पंगतीतली जागा सोडवली नाही.

हे कळल्यापासून नाटकाचा कणाच बदलला. श्रद्धा एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला, अशी दोन टोकं आता उरली नाहीत. दोन्ही एकाच माणसात आली. शेवटच्या अंकात मी जोशीबुवांनाच ‘वज्रसूची’ हातात देऊन बोलतं केलं आहे: ‘माझा राहू काढून घेतलास, बापू. आता तुझा काढतो.’ त्यावर सुबाजी जे शास्त्राधार देतात ते अगदी जोशीबुवांच्या पहिल्या अंकातल्या चालीवर आहेत, आणि ते मी मुद्दाम तसे लिहिले आहेत. काही जाणत्यांनी सुचवलं, की हा भाग गाळा, नायक डागाळतो, लोक नाराज होतील. मला ते पटत नाही. सुबाजींविषयीचा माझा आदर यानं कमी झाला नाही. उलट, पहिली उडी किती मोठी होती हे दुसरी न मारलेली पाहिल्यावर नीट कळतं. आणि ज्या गावांत आजही पाणवठ्यावर जात विचारली जाते, तिथं नुसतं ‘पृथ्वी गोल आहे’ सांगून टाळ्या घेणं फार स्वस्त आहे.

संहिता कोणत्याही हौशी संस्थेला द्यायला मी तयार आहे, मानधनाची अट नाही. वेळ कमी असेल तर साहेबाचे दोन्ही प्रवेश खुशाल कापा. ‘वज्रसूची’चा मात्र कापू नका.