आकड्यामागची नळी

योक्काइचीचे नाव आपल्यापैकी अनेकांनी तिथल्या दम्यामुळे ऐकले असेल. १९६०च्या दशकात तेल-रसायन कारखान्यांच्या गंधकयुक्त धुराने तिथली माणसे बेजार झाली. नऊ रुग्ण सहा कंपन्यांविरुद्ध न्यायालयात गेले आणि २४ जुलै १९७२ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. आज पर्यावरण मंत्रालयाच्या 'सोरामामे-कुन'वर देशभरातल्या हवेचे तासातासाचे आकडे दिसतात. घरात दम्याचे मूल असेल, तर आकडा पाहून त्याला खेळायला सोडायचे की नाही हे ठरते. म्हणून तो आकडा खरा असावा लागतो.

ते खरेपण बरेचसे यंत्रामागच्या नळ्यांवर ठरते. नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे यंत्र आपल्या पंपाने हवा ओढते, आतच ओझोन तयार करून तीत मिसळते आणि त्या क्रियेत निघणारा मंद प्रकाश मोजते. यंत्र बरोबर मोजते ना, हे सिलिंडरमधल्या ठरावीक प्रमाणाच्या वायूने पडताळतात.

मुंबईहून नवीन आलेला माझा एक विद्यार्थी सिलिंडरची नळी थेट यंत्राला लावू लागला. घरी शेगडीला अशीच लावतात ना! मी म्हटले, "अरे, शेगडीला दाब लागतो. हे यंत्र स्वतःच ओढून घेते. दाबाने वायू घुसला तर आकडा चुकेल, आतले भागही बिघडतील."

म्हणून मध्ये तीन तोंडांचा जोड बसवतात. यंत्र ओढते त्याहून थोडा जास्त वायू सोडायचा. उरलेला तिसऱ्या, उघड्या तोंडाने जातो. कमी सोडला तर तिथूनच खोलीतली हवा आत शिरते आणि पडताळणीच खोटी ठरते. त्या तोंडाची नळी आणि यंत्राची उच्छ्वासाची नळी, दोन्ही खोलीबाहेर न्यायच्या. नायट्रिक ऑक्साइड विषारी आहे आणि ओझोनही फुप्फुसाला चांगला नाही.

नळी टेफ्लॉनची हवी. रबर असले वायू शोषून घेते. गळती पाहायला आपले घरगुती साबणाचे पाणी चालते, पण फक्त सिलिंडरकडच्या दाबाच्या जोडांवर. यंत्राच्या बाजूला लावले तर पाणीच आत ओढले जाईल. आणि हा भूकंपाचा देश: सिलिंडरला वर एक, खाली एक अशा दोन साखळ्या हव्यातच.

शेवटी प्रत्येक जोडाकडे बोट दाखवून मोठ्याने "योशी!" म्हणायचे, इथले रेल्वेचालक म्हणतात तसे. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना हे नवे नाही. तो विद्यार्थी पहिल्या दिवशी लाजला, आठवड्याभरात माझ्याहून मोठ्याने म्हणू लागला.

दिवाळीत फटाक्यांनंतर पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांशी बोलताना हवेचा आकडा निघतोच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने उभारलेली 'सफर' यंत्रणा तो देते. आकडा वाईट असला की आपण हळहळतो. तो बरोबर यावा म्हणून कुणीतरी यंत्रामागे वाकून नळ्या तपासलेल्या असतात, एवढे मुलांना जरूर सांगा.