न्यायमूर्तींचा कारकून

आमच्या घरात 'कारकून' ह्या शब्दास तीन पिढ्या मान नाही. आमचे आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते आणि त्यांनी आपल्या मुलांस निक्षून सांगून ठेविले होते, की काहीही करा, पण टेबलाच्या ह्या बाजूस बसू नका. तेव्हा माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा कायद्याची परीक्षा उत्तम प्रकारे उत्तीर्ण होऊन मुंबईच्या उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींकडे वर्षभरासाठी 'लॉ क्लार्क' म्हणून रुजू झाला, त्या वेळी माजघरातून पहिला उद्गार निघाला तो "इतके शिकून अखेर कारकुनीच ना?" असा.

मला मात्र ह्या कामाची परंपरा जुनी वाटते. वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल, की कंपनी सरकारच्या अमदानीत अदालतींस शास्त्री जोडलेले असत. दत्तक, वाटणी, स्त्रीधन असा काही प्रश्न निघाला म्हणजे इंग्रज न्यायाधीश तो शास्त्र्यांपुढे ठेवी आणि शास्त्रीबोवा ग्रंथ पाहून लेखी व्यवस्था देत. मुंबई इलाख्यातील अशा उत्तरांचा संग्रह वेस्ट आणि ब्यूलर ह्या दोघा विद्वानांनी सिद्ध केला. त्याचा पहिला भाग १८६७ साली निघाला. गंमत अशी, की शास्त्र्यांची ही पदे त्यापूर्वीच, १८६४ साली, कायद्याने रद्द झाली होती! परंतु शेजारी एखादा अभ्यासू माणूस असावा, ही न्यायाधीशाची गरज काही कायद्याने रद्द होत नाही. अमेरिकेत होरेस ग्रे ह्यांनी, मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात असतानाच, हार्वर्डच्या ताज्या पदवीधरास हाताशी घेण्याचा प्रघात पाडला. पुढे स्वतः विख्यात न्यायमूर्ती झालेले लुई ब्रँडाईस हे अशांपैकीच एक. १८८२ साली ग्रे वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हाही मदतनिसाचे वेतन ते पदरचे देत. सरकारने त्या खर्चाची तरतूद केली ती १८८६ साली.

त्या देशातील न्यायाधीशांत मला स्वतःला अधिक भावले ते लर्नेड हँड. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात ते १९२४ साली गेले. सर्वोच्च न्यायालयात त्यांची नेमणूक कधीच झाली नाही. तरी मोठमोठे कायदेपंडित त्यांस गुरुस्थानी मानीत. निकालपत्र ते स्वतःच्या हाताने लिहीत. क्लार्काने ते लिहावयाचे नाही. त्यात छिद्र कोठे आहे ते मात्र शोधावयाचे. विशीपंचविशीच्या पोराने सत्तरी उलटलेल्या न्यायाधीशास 'हे पटत नाही' म्हणावे, आणि ते म्हणण्यासाठीच त्यास वेतन मिळावे, ही कल्पना मास्तरकी केलेल्या माणसास जितकी सुखावते तितकीच अस्वस्थही करते. आमच्या पाठशाळेत पूर्वपक्ष मांडावयास लावीत, तो गुरूविरुद्ध मांडण्याची सोय मात्र नव्हती.

असो. आमच्या चिरंजीवांचे काम ह्याच जातीचे होते. दुसऱ्या दिवशीच्या बोर्डावरील अपिलांची पेपरबुके आदल्या रात्री वाचावयाची, खालच्या दोन्ही न्यायालयांनी काय म्हटले त्याचे टिपण करावयाचे, पूर्वीचे निवाडे काढून ठेवावयाचे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १०० व्या कलमात १९७६ साली दुरुस्ती झाल्यापासून दुसऱ्या अपिलात कायद्याचा सारभूत प्रश्न दाखविल्यावाचून दार उघडत नाही. तेव्हा खरा प्रश्न कोणता आणि नुसता कांगावा कोणता, हे निवडणे ही त्यातील मुख्य विद्या. न्यायमूर्ती टिपण परत करीत ते बहुधा एकाच शेऱ्यानिशी : हरणाऱ्या पक्षाची बाजू पुन्हा लिहून आण, आणि ती अशी लिही की तुलाच ती पटावी.

एके रात्री त्याचा दूरध्वनी आला. 'अप्रतिबंध दाय' म्हणजे नेमके काय, हे त्यास माझ्याकडून समजून घ्यावयाचे होते. मी सांगितले, की मिताक्षरेप्रमाणे पुत्रास व पौत्रास जन्मतःच जो हक्क पोहोचतो, ज्यास कोणाच्या जिवंत असण्याची आडकाठी नाही, तो अप्रतिबंध. आणि चुलता, भाऊ इत्यादिकांस धनी निपुत्रिक वारल्यावर मिळतो तो सप्रतिबंध. मग सहज विचारले, "खटला कोणाचा रे?" तो हसून म्हणाला, "काका, मला फक्त शब्द हवा होता."

ह्याच स्वभावाने पुढे घरात वादळ झाले. अलिबागेकडील नारळी-पोफळीच्या वाडीबद्दल आमच्या एका चुलत बंधूंचा त्यांच्या सख्ख्या बहिणीशी दावा चालला होता. २००५ च्या दुरुस्तीने मुलीस मुलासारखाच जन्मतः हक्क दिला आणि बाप त्या दिवशी हयात नसला तरी तो हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले. बहिणीची भिस्त त्यावर, आणि वाटणी त्यापूर्वीच होऊन चुकली ही भावाची तक्रार. हे अपील फिरत फिरत नेमके आमच्या मुलाच्या न्यायमूर्तींच्या बोर्डावर आले. बंधू मुंबईस जाऊन त्यास भेटले. "निकाल फिरव असे का मी म्हणतो? साहेबांचा कल कोणीकडे आहे, एवढेच सांग."

"दादाकाका," तो म्हणाला, "उद्यापासून ते मला कळणारच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नाते न्यायमूर्तींच्या कानावर घातले. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. प्रकरण दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे ठेवण्याचा आदेश केला, आणि अपील पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन बसले. बंधूंस वाटले, घरच्याच मुलाने आपला घात केला. बहिणीसही विलंब तितकाच जाचला. माझ्या भावजयीचे म्हणणे असे, की काही सांगू नये हे खरे, पण साहेबांस जाऊन कळविण्याचे काय अडले होते? मला ते पटले नाही. टिपण त्यालाच लिहावयाचे होते. एका बाजूस आत्या आणि दुसऱ्या बाजूस काका असता हरणाऱ्याची बाजू 'स्वतःस पटेल अशी' त्याने कोणत्या हाताने लिहिली असती?

त्याचे वर्ष संपले. आता तो वकिली करतो. अपील अद्याप रांगेतच आहे. गेल्या गणपतीस चुलत बंधू आले नाहीत, त्यांची बहीणही आली नाही. वाडीतले नारळ मात्र नेहमीप्रमाणे आले. पोत्यावर नाव नव्हते, आणि कोणी पाठविले ह्याची चौकशी घरात कोणी केली नाही.