सोरोचा बॅरन

कोपनहेगनहून आगगाडीने निघाले की तासाभराच्या आत सोरो येते. तळ्याकाठचे लहानसे, शांत गाव. तिथल्या जुन्या मठाच्या लाल विटांच्या चर्चमध्ये बॅरन लुद्विग होल्बर्ग चिरनिद्रा घेत आहे. डॅनिश नाटकाचा हा जनक. मोठेपणाच्या सोंगांची ज्याने जन्मभर टर उडवली, त्याच्याच शवपेटीपाशी उमरावाचा किताब वाचताना मोठी गंमत वाटते.

होल्बर्गचा जन्म 1684 सालचा, नॉर्वेतल्या बर्गेनचा. तेव्हा नॉर्वे डेन्मार्कच्या राजाकडे होता. आईबाप लवकर गेले. गडी युरोपभर भटकला, पुष्कळसा पायीच. 1717 साली कोपनहेगनच्या विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली ती तत्त्वमीमांसेची, म्हणजे नेमकी नावडत्या विषयाची! (अशा प्राध्यापकांचा तुटवडा कुठल्याच देशात नसावा.)

विद्वान लॅटिनमध्ये लिहीत, दरबारी मंडळी फ्रेंच नि जर्मन बोलत; डॅनिश राहिली ती घरातली आणि बाजारातली. 1722 साली ग्रोनेगाडे गल्लीत डॅनिश नाटकगृह उघडले, आणि या प्राध्यापकाने पाचसहा वर्षांत पंचविसाच्या आसपास प्रहसने लिहून दिली.

त्यांतला येप्पे विसरता येत नाही. बायकोच्या चाबकाला भिणारा हा दारुडा शेतकरी उकिरड्यावर पडलेला सापडतो. बॅरन गंमत म्हणून त्याला आपल्या बिछान्यात निजवतो. जागा झालेला येप्पे स्वतःला खरोखरच बॅरन समजतो आणि घटकेत असा जुलमी बनतो, की हसता हसता आपण चपापतो. पुन्हा दारू पाजून त्याला उकिरड्यावर टाकतात. येप्पे पितो हे सारे गाव जाणते. का पितो, हे फक्त नाटककार विचारतो.

नाटकगृह कर्जात बुडाले. 1727 साली होल्बर्गने डॅनिश प्रहसनाची प्रेतयात्राच रंगभूमीवर काढली! पुढल्या वर्षी कोपनहेगन जळाले. 1730 साली गादीवर आलेल्या सोवळ्या सहाव्या क्रिस्तियानच्या राज्यात नाटक बंदच राहिले. होल्बर्ग इतिहास लिहीत बसला. भूगर्भातल्या देशांची नील्स क्लिमची अद्भुत सफर त्याने 1741 साली छापली, तीही लॅटिनमध्ये आणि परदेशात, लाइपझिगला.

राजा 1746 साली वारला, नाटक पुन्हा जिवंत झाले. 1747 साली होल्बर्ग बॅरन झाला. बायको नाही, मूल नाही. जमीनजुमला त्याने सोरोच्या विद्यालयाला देऊन टाकला. 1754 साली तो गेला. किताबाला वारस नव्हताच. त्या विद्यालयाच्या परंपरेतली शाळा सोरोला अजून भरते, आणि येप्पे अजून रंगभूमीवर उकिरड्यातून उठतो.